गॉर्ज अँफिथिएटर: खुर्ची नको, हिरवळीवर बसा

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आधीच सांगते. डेव्ह मॅथ्यूज बँड या अमेरिकन रॉक बँडला गॉर्जवर, म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या या खुल्या रंगमंचावर, ऐकायचं असेल तर खालच्या खुर्च्यांचं तिकीट काढू नका, हिरवळीचं काढा. आणि काढाल तर तिन्ही रात्रींचं काढा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी इथे लेबर डेची सुट्टी असते. तिच्या आधीचे शुक्रवार, शनिवार, रविवार हे या बँडचे गॉर्जवरचे ठरलेले दिवस. मी २००८ पासून जाते आहे. २०१७ ला बँड दौऱ्यावरच नव्हता, कोविडमुळे २०२० चे कार्यक्रम झाले नाहीत आणि दोन उन्हाळे माझे बाळंतपणात गेले, एवढाच खंड.

सिअ‍ॅटलहून आय-नाइंटी महामार्गाने पूर्वेकडे साधारण २४० किलोमीटर, म्हणजे अडीच तास. स्नोक्वाल्मीचा घाट उतरला की दाट झाडी विरळ होत जाते, एलेन्सबर्गच्या पुढे पवनचक्क्या लागतात आणि व्हँटेजला कोलंबिया नदीचा पूल येतो. तिथे समोर काळ्या कातळाच्या भिंती उभ्या. मी वाईची. पांडवगड आणि पसरणीचा घाट बघत वाढलेली. पहिल्या वर्षी पूल ओलांडल्यावर मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि खाली उतरून नुसती बघत राहिले. तेच थरावर थर, तोच काळा दगड. लाव्हा थिजून झालेला बेसाल्टच आहे हा, आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त वयाने लहान. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, इथला बराचसा दीड-पावणेदोन कोटींचा. पुढे हिमयुगातल्या महापुरांनी ही दरी खरवडून काढली.

त्या दरीच्या काठावर स्टेज आहे आणि समोरच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची हिरवळ. एका वेळी २७ हजारांच्या आसपास माणसं मावतात. खाली खुर्च्यांवर बसलात तर बँड जवळ दिसतो, पण नदी स्टेजमागे लपते. हिरवळीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात बसलात तर स्टेज, नदीचं वळण आणि पलीकडचे कडे असं सगळं एका नजरेत येतं. सूर्य बरोबर स्टेजच्या मागे मावळतो. त्यामुळे संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं, टोपी हवीच. साडेसात-पावणेआठला दिवस बुडतो, कडे आधी तांबूस, मग जांभळे होतात आणि वारा सुटतो. दुपारी अंग भाजत होतं ते विसरायला होतं. ही वाळवंटी हवा आहे, स्वेटर आणि जाड चादर न्याच. वाऱ्याने कधी कधी आवाज हेलकावतो, ते वरच्या भागात जास्त जाणवतं. मला ते चालतं.

माझं पहिलं वर्ष जड गेलं. बँडचा सॅक्सोफोन वाजवणारा लिरॉय मूर २००८ च्या जूनअखेरीस स्वतःच्या शेतावर अपघातात सापडला आणि १९ ऑगस्टला गेला. पुढच्या पंधरवड्याच्या आतच बँड गॉर्जवर आला. त्याच्या जागी जेफ कॉफिन वाजवत होता. माझ्या शेजारी सतरंजी टाकून बसलेलं एक म्हातारं जोडपं सॅक्सोफोन सुरू झाला की हात हातात घेऊन उभं राहायचं आणि तुकडा संपला की बसायचं. तिन्ही रात्री. पुढच्या वर्षी नवा अल्बम आला, त्याची सुरुवातच लिरॉयच्या सॅक्सोफोनने होते. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते दोघं आठवले.

तीन रात्रींचं का सांगते? कारण हा बँड रोज वेगळी गाणी वाजवतो. शुक्रवारी ऐकलेलं सहसा पुन्हा येत नाही. एखादं गाणं वीस मिनिटं चालतं आणि दोन वर्षांपूर्वी वाजलं होतं तसं ते नसतंच. प्रेक्षकांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांना बँडने सुरुवातीपासून मोकळीक दिली, म्हणून जुन्या मंडळींकडे तारीखवार मैफली साठवलेल्या असतात. आमच्याकडे जसं कुणी सवाई गंधर्वच्या अमुक सालच्या पहाटेबद्दल बोलतं, तसं हे लोक बोलतात.

आई वाईहून आली तेव्हा मीच हे तीन रात्रींचं विसरले. सत्तरीला टेकलेली, तंबूत झोपणार, दमेल, म्हणून तिचं फक्त शनिवारचं तिकीट काढलं. वडिलांकडे मुलं तबला शिकायला यायची, त्यामुळे तिचं सगळं आयुष्य ठेक्यांत गेलेलं. सूर्य खाली गेल्यावर तिने टोपी काढली आणि मोठ्या पडद्यावर कार्टर ब्यूफर्डला बघत बसली. पांढरे हातमोजे घालून तो ड्रम वाजवतो, हातांची कात्री न करता, डावा हात डावीकडे मोकळा. आई म्हणाली, "याचा डावा किती तयार आहे गं." त्यानंतर तासभर ती माझ्याशी बोलली नाही. रात्री तंबूकडे चालताना तिने विचारलं, "उद्या किती वाजता?"

मी रात्रीच पुनर्विक्रीच्या एका संकेतस्थळावरून रविवारचं तिकीट घेतलं, चांगले दुप्पट पैसे मोजून. दुसऱ्या दिवशी फाटकावर ते खोटं निघालं. तिकीट तपासणारी मुलगी बिचारी तीन-तीनदा यंत्र फिरवून बघत होती. नवरा आणि मुली आत गेल्या, मी आईला घेऊन तंबूपाशी परत आले. इतका राग मला क्वचित आला असेल, आणि तो माझ्यावर जास्त होता. तिकीट अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, आणि घरातल्या वयस्कर माणसाला किती झेपेल हे त्याचं त्याला ठरवू द्या.

राहायला शेजारच्या मैदानावर तंबू ठोकायची सोय आहे. मी तीच घेते, कारण कार्यक्रम सुटला की हजारो गाड्या एकदम रस्त्याला लागतात आणि मध्यरात्री घाटातून परत येणं नको वाटतं. धूळ फार असते, पाणी भरपूर ठेवा. आत काय नेऊ देतात ते दर वर्षी नव्याने वाचा. आमच्याकडे तंबूत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असतेच.

त्या रविवारी तीच शिदोरी आईने सोडली. अंधार पडला होता, सेजब्रश या इथल्या रानझुडपाचा उग्र, ओव्यासारखा वास सुटला होता. स्टेज दिसत नव्हतं, पण वारा आमच्या बाजूला वळला की ड्रम आणि बास स्पष्ट यायचे, डेव्हचा आवाज मात्र तुटक. मध्येच २००९ च्या अल्बममधलं सात मात्रांचं गाणं लागलं. मी काही बोलले नाही. आईने धपाट्याचा तुकडा खाली ठेवला, दोन-तीन आवर्तनं नुसती ऐकली आणि मग बर्फाच्या डब्याच्या झाकणावर बोटं टेकवली. तीं तीं ना, धी ना, धी ना. वारा फिरला, आवाज गेला, तरी तिने ठेका सोडला नाही. परत आवाज आला तेव्हा ती समेवर होती.