ताशी ५०० किलोचा आयक्यूएफ टनेल: एक हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव आणि बजेटचा खरा हिशेब

सिन्नर, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात आयक्यूएफ (प्रत्येक दाणा सुटा, झटपट गोठवणारं यंत्र) लावायचा विचार करणारे बहुतेक जण कोटेशनवरचा एकच आकडा बघतात: ताशी किती किलो. आमच्याकडचा टनेल फ्लुइडाइज्ड बेडचा (खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर दाणे तरंगत गोठतात असा), अमोनियावर चालणारा, नावाला ५०० किलोचा. स्वीट कॉर्न आणि डाळिंबाचे दाणे त्यावर भरपूर काढून झाल्यावर हे लिहितोय. मशीन चांगलं आहे. बजेट मात्र कोटेशनवरून बांधलं, तर फसतं.

तो ५०० चा आकडा मटाराचा. मटार गोल, एकसारखा, हवेवर सहज उचलला जाणारा, म्हणून सगळे पुरवठादार त्याचीच क्षमता छापतात. मक्याचे दाणे नीट निथळून आले तर जवळपास तेवढेच निघतात. डाळिंबाचे दाणे ३५० च्या आसपास. त्यात साखर असल्यामुळे उणे १८ अंशांलाही पृष्ठभाग थोडा चिकट राहतो, आणि फुटलेल्या दाण्यांचा रस बाकीच्यांना धरून ठेवतो. मालेगाव-सटाण्याकडच्या डाळिंबावर धंदा उभा करायचा असेल, तर वर्षाचा हिशेब ३५० वरच मांडा. खरेदीची ऑर्डर देतानाही त्याच मालाचा आकडा लिहून घ्या.

आता थंडीचा हिशेब. २५ अंशांचा एक किलो मका उणे १८ पर्यंत न्यायला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातली दोनतृतीयांश निव्वळ पाण्याचं बर्फ होण्यात जाते. ताशी ५०० किलोला हा भार झाला ५१ किलोवॅट. टनेलमधल्या पंख्यांची मोटर जेवढी वीज घेते तेवढीच उष्णता आत सोडते, म्हणून ते १८ किलोवॅट वेगळे. बेल्टची तोंडं आणि भिंतींमधून येणारी उष्णता धरली की बेरीज ८० किलोवॅटजवळ, म्हणजे साधारण २३ टन रेफ्रिजरेशन (हा टन वजनाचा नाही, थंडी मोजायचा; एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट). कोटेशनमध्ये १४-१५ टनाचा कॉम्प्रेसर दिसला, तर समोरच्याने फक्त मालाचा भार मोजलाय असं समजा.

या गणितातली पैसे वाचवणारी जागा म्हणजे आत जाणाऱ्या मालाचं तापमान. प्रत्येक अंशामागे भार साधारण एक टक्का बदलतो. ब्लांचरमधून (वाफेने थोडा वेळ उकडणाऱ्या यंत्रातून) निघालेला मका साध्या पाण्याने गार केला तर एप्रिल-मेमध्ये तो २८-३० अंशांवरच अडकतो. चिलरच्या ४-५ अंशांच्या पाण्यातून काढला तर ८ अंशांवर येतो आणि भार साधारण २० टक्क्यांनी उतरतो. चिलर एक युनिट विजेत साडेतीन-चार युनिट उष्णता काढतो, तर उणे ४२ वर चालणारी दोन टप्प्यांची अमोनिया यंत्रणा जेमतेम १.४. त्यामुळे जेवढी उष्णता चिलरमध्ये काढाल तेवढी निम्म्याहून कमी दरात निघते. खर्चाला कात्री लावताना लोक आधी चिलर आणि निथळणीचा शेकर वगळतात. वगळू नयेत अशा वस्तू या दोनच!

निथळणीचं महत्त्व तर वापरल्याशिवाय कळत नाही. दाण्याला पाच टक्के पाणी चिकटून आत गेलं तर सहा टक्के थंडी त्या पाण्यावरच खर्च होते. पण ते नुकसान लहान. मोठं नुकसान असं की सुरुवातीच्या पट्ट्यात दाणे एकमेकांना गोठून गठ्ठे होतात, आणि उडालेलं पाणी कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ होऊन बसतं. शेकरनंतर हवेची पाती (पाणी उडवणारा हवेचा जोरदार झोत) लावली की गठ्ठे बरेच कमी होतात.

कॉइलवर बर्फ जमला की हवेचा झोत कमी होतो, दाणे उचलले जात नाहीत, मग डीफ्रॉस्ट, म्हणजे तो बर्फ वितळवणं. आमच्याकडे सहा-सात तासांनी करावं लागतं. फीड बंद, बेल्ट रिकामा, द्रव अमोनियाचा व्हॉल्व्ह बंद करून कॉइल रिकामी, पंखे बंद, मग पाणी. पाणी पूर्ण निथळल्यावरच पंखे चालू करायचे, नाहीतर थेंब पुन्हा गोठतात. परत उणे ३५ गाठेपर्यंत दोन तास गेलेले असतात. म्हणून २० तासांच्या पाळीत उत्पादनाचे तास १६ धरा. चालू असतानाच डीफ्रॉस्ट करणारी सोय मिळते, पण ती वर्षात पाच महिने चालणाऱ्या कारखान्याला परवडते असं मला वाटत नाही.

वीज: पूर्ण भाराला कॉम्प्रेसर, पंखे, कंडेन्सर मिळून ८३ युनिट ताशी, म्हणजे किलोला ०.१७ युनिट. डीफ्रॉस्ट, गार व्हायचा वेळ आणि अर्धवट भार धरून प्रत्यक्षात पाव युनिट धरावा. ९ रुपये दर धरला तर किलोला सव्वादोन रुपये, कोल्ड स्टोअरेज आणि ब्लांचरची वाफ सोडून. महावितरणचा मागणी आकार मात्र माल असो-नसो, बारा महिने लागतो. पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) जरूर घ्या. वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज निम्म्यावर येते, आणि तेवढी उष्णताही आत सुटत नाही.

अमोनियाबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. साधारण उणे ३३ अंशांखाली सक्शनचा (कॉम्प्रेसर ओढून घेतो त्या वायूचा) दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणजे गळती झाली तर वायू बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि वासही येत नाही. ती हवा कंडेन्सरमध्ये साचते, दाब चढतो, बिल वाढतं. ही हवा आपोआप बाहेर काढणारा ऑटोमॅटिक एअर पर्जर बजेटमध्ये हवाच. नाशिकची कोरडी उन्हाळी हवा इव्हॅपोरेटिव्ह (पाण्याच्या बाष्पीभवनावर गार होणाऱ्या) कंडेन्सरला मानवते, पण बोअरचं पाणी जड असेल तर सॉफ्टनर लावा. क्षार बसला की सगळा फायदा जातो.

कोटेशनमधला आकडा एकूण खर्चाच्या निम्मा धरून चालावं. बाकीच्यात चिलर, शेकर, ब्लांचर, ट्रान्सफॉर्मर, वायू शोधक यंत्रणा येते. टनेलखालची जमीन गोठून फुगू नये म्हणून फरशीला इन्सुलेशन आणि खालून हवा खेळती ठेवावी लागते. सगळ्यात जास्त विसरलं जातं ते उणे २० चं स्टोअरेज. दिवसाला ८ टन काढलात तर पंधरा दिवसांत १२० टन. जनरेटर निदान या खोलीपुरता तरी असावा.

अनुदानावर रोखीचं गणित बांधू नका. पीएमएफएमई या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अनुदानाची मर्यादा १० लाख, या यंत्रणेपुढे ती तोकडी. कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत आहे, पात्रता मात्र बँकेकडून आधी लेखी घ्यावी. यंत्रावरचा १८ टक्के जीएसटीही आधी खिशातून जातो.

शेवटचे १० टक्के पैसे चाचणीनंतरच द्यायचे. चाचणी आठ तास सलग, तुमच्याच मालावर, डीफ्रॉस्टसकट. तापमान मोजायला बाहेर पडलेले दाणे आधीच गार केलेल्या थर्मासमध्ये गच्च भरा, मध्ये थर्मामीटर खुपसा आणि पाच मिनिटांनी वाचा. दाण्याचा पृष्ठभाग लगेच उणे २५ दाखवतो, त्याला काही अर्थ नाही. वजनातली घटही लिहून घ्या. रोजच्या ८ टनांवर एक टक्का म्हणजे ८० किलो माल हवेत.

रिकाम्या महिन्यांत लासलगावचा कांदा कापून गोठवावा, असं प्रत्येकाच्या मनात येतं. चालतो, मागणीही आहे. पण वास कॉइलच्या पत्र्यांत बसतो आणि नुसत्या पाण्याच्या डीफ्रॉस्टने जात नाही. कांदा हंगामाच्या शेवटी घ्यावा, त्यानंतर फेसाने धुलाई, मग एक बॅच मक्याची. डाळिंब त्याच्यानंतर.