जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट : सात महिन्यांनंतर

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आमचा तिसऱ्या पिढीचा आय-3, 4 जीबी रॅम. विंडोज 11 च्या अटीत तो बसत नाही. कापूस अजून वेचायचा होता, नव्या मशीनला पैसे नव्हते. म्हणून एक एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली आणि विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट 22 ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी त्यावर बचत गटाचा हिशेब होतो आणि पोरीचा बारावीचा अभ्यासही. वेगाबद्दल तक्रार नाही.

अडलं ते परवानग्यांवर, म्हणजे कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची यावर. जुनी विंडोजची डिस्क आतच ठेवली होती. तिच्यावरची हिशेबाची फाइल उघडायची, पण सेव्ह होईना. "काहून होत नाही जी सेव्ह?" बायको विचारत होती, सकाळी गटाची बैठक होती. मी सीएचमॉड 777 (सगळ्यांना सगळे हक्क देणारी कमांड) देत बसलो. उत्तर एकच, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. खरं कारण त्याच ओळीत होतं. फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग मिंट ती डिस्क फक्त वाचायला देतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढलं, नीट शटडाउन केलं, आणि फाइल सेव्ह झाली. 777 चा तिथे काही संबंधच नव्हता.

एसएसडीवरच्या फायलींचा प्रश्न वेगळा होता. त्या मी सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कॉपी केल्या होत्या, म्हणून मालक रूट (मुख्य अ‍ॅडमिन खातं). एलएस -एल ही कमांड म्हणजे फाइलचा सातबारा समजा : मालक कोण, ग्रुप कोणता, कोणाला काय हक्क. नाव चुकलं असेल तर सगळ्यांना वावर मोकळं करून देत नाहीत, फेरफार करतात. तो फेरफार म्हणजे मालक बदलणारी चाउन कमांड. हक्कांचे आकडे असे : वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा 1. त्यांची बेरीज करायची; तीन अंक म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकीचे. साध्या फाइलला 644 आणि फोल्डरला 755 पुरतं. पोरीला बायकोच्या फोल्डरमध्ये लिहिता यावं म्हणून दोघींचा एक ग्रुप केला आणि त्या फोल्डरवर ग्रुपलाही लिहायचा हक्क दिला. इथे जपा : युजरमॉडला (ग्रुपमध्ये घालणारी कमांड) फक्त -जी (कॅपिटल G) दिलं आणि आधी -ए लावलं नाही, तर तो माणूस बाकीच्या ग्रुपमधून निघतो. माझं खातं असंच सुडोमधून गेलं. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन परत आणलं. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यावंच लागतं.

प्रिंटरचं दुखणं लाइनीशी जोडलेलं आहे. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरमध्ये फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) टिकत नाही, चालू केला की दरवेळी कॉम्प्युटरकडून घेतो. लाइन गेली की पुन्हा तेच. ते आपोआप होतं, फक्त ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्राम) अपडेट झाला की त्याच आवृत्तीचं प्लगइन (त्याचा जोडभाग) लागतं. नाहीतर प्रिंटर दिसतो, पण कागद निघत नाही.

वायफाय डोंगलने मात्र खरोखर त्रास दिला. त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नव्हता, बाहेरून बसवला. पुढच्या कर्नल अपडेटला वायफाय गायब, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट कुठलं? मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला दिलं, ते लगेच चाललं. आता ड्रायव्हर डीकेएमएस नावाच्या सोयीतून बसवलाय, नव्या कर्नलसाठी तो स्वतःच तयार होतो. तरी अपडेटच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून सिस्टिमची प्रत) घेतो, आणि जुना कर्नल काढत नाही. डोंगल घेणार असाल तर डब्यावरच्या कंपनीपेक्षा आतली चिप कोणती ते आधी विचारा; एकाच मॉडेलमध्येही ती बदललेली असते.