दहा-बारा वर्षं जुनी फॅमिली सेडान: आठ महिने वापरल्यावर कळलेली दुखणी आणि खर्चाचा हिशेब

गाडी मध्यम आकाराची, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. वय 12 वर्षं, मीटरवर लाखाच्या वर किलोमीटर. या वयात लोक इंजिन आणि गिअरबॉक्सला घाबरतात, पण खिशाला चाट बसते ती रबर आणि प्लास्टिकमुळे: होस, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), ऑइल सील, पॅकिंग, रेडिएटरची प्लास्टिक टाकी. हे सगळं किलोमीटरपेक्षा वयाने आणि उष्णतेने कडक होतं, म्हणून "गाडी कमी चाललीये" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. शिवाय स्वस्त रबर वेळेवर बदललं नाही तर ते जाताना महाग पार्ट सोबत घेऊन जातं.

पहिलं लक्ष कूलिंगकडे. रेडिएटरचं झाकण हा बहुधा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. त्याच्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा (बारमध्ये). हा दाब टिकतो म्हणूनच निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी 120 अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की दाब सुटतो, कूलंट बाहेरच्या बाटलीत ढकललं जातं, परत येत नाही आणि पातळी हळूहळू उतरते. थेंबही जमिनीवर दिसत नाही, म्हणून संशय थेट हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगवर जातो. आधी त्याच आकड्याचं नवं झाकण लावून आठवडाभर पातळी बघा. हेड गॅस्केट खरंच गेलं असेल तर खुणा वेगळ्या असतात: गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केलं की सतत बुडबुडे येतात, सकाळी चालू केल्या केल्या वरचा होस दगडासारखा कडक होतो, आणि एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. या कामात गॅस्केट स्वस्त असतं. पैसे जातात हेड उतरवण्यात, ते सपाट करून घेण्यात आणि दोन दिवसांच्या मजुरीत.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप, उघडाच अडकला तर गाडी गरम होत नाही, त्यामुळे कुणी तक्रारच करत नाही. पण इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावून खरं तापमान बघा. मोकळ्या रस्त्यावर ते 70च्या आसपास घसरत असेल तर थर्मोस्टॅट बदला. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं तोंड चढावर घ्या आणि रेडिएटरचा फॅन दोनदा फिरून बंद होईपर्यंत हवा निघू द्या. हवा अडकली की काम नीट होऊनही गाडी गरम होते आणि दोष नव्या पार्टला लागतो.

इंजिन मिस मारतं, म्हणजे अडखळत चालतं, तेव्हा गॅरेजमध्ये कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) बदलण्याची घाई होते. त्याआधी कॉइल वर ओढून तिच्या रबराच्या टोकाला बोट लावा. बोट तेलकट झालं तर मूळ दुखणं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगचं. तेल प्लगच्या विहिरीत उतरतं, रबर फुगवतं आणि ठिणगी बाजूला पळते. पॅकिंगसोबत प्लगच्या विहिरींचे गोल सीलही घ्या. दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा, टायमिंग कव्हरच्या सांध्यावर सीलंटचा लहानसा ठिपका द्या आणि बोल्ट मधून बाहेर जात टप्प्याटप्प्याने आवळा. हे बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरचेच असतात. जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. तासाभराचं काम आहे. पॅकिंग न बदलता नवी कॉइल टाकली तर काही महिन्यांत तीही तेलात बुडते.

सस्पेन्शनचा आवाज ओळखता आला तर निम्मा खर्च वाचतो. सावकाश चालताना बारीक खड्ड्यांवर खडखड म्हणजे बहुतेक लिंक रॉड (सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी जोडणारी छोटी दांडी): स्वस्त, तासाभरात होणारा, दोन्ही बाजूंनी एकदम बदलायचा. ब्रेक लावताना एकच "धप्प" आली तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटवरचं (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीवरचं) बेअरिंग. पूर्ण वळणावर कट-कट-कट म्हणजे ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचा बूट फाटलेला वेळीच दिसला तर फक्त बूट आणि ग्रीसवर भागतं.

बुश बदलताना एक चूक वारंवार होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर असतानाच करून घ्या. त्यासाठी तिथे उभं राहावं लागलं तरी उभे राहा. मग अलाइनमेंट.

ब्रेकमध्ये कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या पिन सुकतात. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेलं दिसलं, किंवा फेरफटक्यानंतर एकच चाक जास्त तापलेलं लागलं, तर पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

बॅटरी सारखी उतरते तेव्हा मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. आकडे बरोबर असूनही स्टार्टर रेंगाळत असेल तर इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी काढून घासा. एसीत गॅस पुन्हा पुन्हा भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. आधी गळती शोधा. कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) बाहेरून निघतो, केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलसाठी मात्र बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरतो.

सगळ्यात मोठा एकरकमी खर्च क्लचचा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही, तेव्हा प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची आहे, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेटच घ्या, आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही त्याच वेळी बदलून घ्या. ते नंतर गळलं तर तेल थेट नव्या प्लेटवर पडतं आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली. टायमिंग बेल्टलाही हाच न्याय: वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोबतच. मागच्या वेळी बेल्ट कधी बदलला याचा कागद मिळाला नाही, तर बदललेलाच नाही असं धरून चाला. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात.