पॉलिमर क्ले: नवशिक्याने प्रीमो घ्यावी, फिमो सॉफ्ट की स्कल्पी थ्री?

पहिल्यांदा पॉलिमर क्ले घेताना बहुतेक जण पाकीट दाबून बघतात आणि जी मऊ लागेल ती उचलतात. निवड इथेच फसते. क्ले हाताला किती मऊ लागते यापेक्षा भाजल्यावर ती वाकते की तुटते, ते आधी बघावं. ही माती नव्हेच. पीव्हीसी या प्लास्टिकचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर आणि रंग यांचं हे मिश्रण. ते वाळून घट्ट होत नाही, उष्णतेनेच होतं.

या तीन ब्रँडांच्या क्लेंत स्कल्पी थ्री सर्वांत मऊ. थोडंसं मळलं की तयार, त्यामुळे लहान मुलांना आवडते. गोलमटोल प्राणी, जाड मणी यांना चालते. पण भाजल्यावर पातळ भाग ठिसूळ होतात. शेपटी, पाकळी, कानातल्याची कड आधी तुटते. शिवाय गरम हातांत ती इतकी लिबलिबीत होते की बोटांचे ठसे पुसता पुसता आकारच बिघडतो.

फिमो सॉफ्ट मधली. ५७ ग्रॅमच्या वडीवर पट्ट्यांच्या खुणा असतात, त्यामुळे रंग मिसळताना प्रमाण धरणं सोपं जातं. ११० अंश सेल्सिअसला ३० मिनिटं भाजायची.

प्रीमो आधी जरा चिवट वाटते. पाच-दहा मिनिटं लाटून, दुमडून परत लाटावी लागते. घडी घातल्यावर कडेला चिरा पडेनाशा झाल्या की मळून झाली. १३० अंशांना, दर ६ मिमी जाडीला ३० मिनिटं नीट भाजली, की ३ मिमीची चकती हलकेच वाकवली तरी तुटत नाही. कानातली आणि कीचेन करायची असतील तर आमची पसंती हिलाच. अडीच सेंमी व्यासाच्या, ३ मिमी जाड चकत्या एका ५७ ग्रॅमच्या वडीतून वीसेक निघतात. काळा, पांढरा आणि तीन मूळ रंग पुरेत. चोवीस रंगांच्या पेटीतले निम्मे तसेच पडून राहतात.

ब्रँड कुठलाही असो, वस्तू बिघडते ती बहुधा ओव्हनमध्ये. डायलवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक सहज असतो, आणि तापताना ओव्हन ठरलेल्या आकड्याच्या वर उडी मारतो. म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा सुटा थर्मामीटर क्लेबरोबरच घ्या. रंगांच्या पेटीपेक्षा तो जास्त कामाचा. तापमान स्थिरावल्यावरच वस्तू आत ठेवा. सिरॅमिक टाइलवर साधा कागद घालून भाजा, नाहीतर खालच्या बाजूला चकाकते डाग पडतात. वर अॅल्युमिनियम फॉइलचं सैल छप्पर केलं की पांढरा रंग पिवळा पडत नाही. कमी भाजलेली वस्तू वरून अगदी ठीक दिसते आणि महिन्याभराने तुटते. वेळ थोडा जास्त झाला तर चालतं, तापमान नाही. क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो. ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. मायक्रोवेव्ह वर्ज्य.

भाजताना फुगे येतात ते मळताना आत कोंडलेल्या हवेमुळे. दुमडलेली बाजू आधी लाटण्याखाली घाला, म्हणजे हवा बाहेर निघते. मोठ्या मण्याच्या आत फॉइलची घट्ट गोळी ठेवली तर क्ले वाचते आणि भाजणीही सारखी होते.

पांढऱ्यावर धूळ आणि तंतू लगेच दिसतात. त्यामुळे फिके रंग आधी, काळा आणि लाल शेवटी. मधे ओल्या वाइपने हात पुसा. तरी तंतू चिकटलेच तर भाजण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने निघतात. क्ले फारच चिकट असेल तर लाटून साध्या कागदांच्या मधे रात्रभर दाबून ठेवा. जादा प्लास्टिसायझर कागद शोषतो. हाच प्लास्टिसायझर काही कडक, पारदर्शक प्लास्टिकला खातो, म्हणून उरलेली क्ले पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा. लाटणं, कटर, पास्ता मशीन एकदा क्लेला वापरलं की स्वयंपाकात परत नको.

भाजलेल्या कडा पाण्याखाली घासा: ४००, ६००, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर. कोरडं घासलं तर धूळ श्वासात जाते. चकाकीसाठी नेलपॉलिश लावू नका. काही आठवड्यांत ते चिकट होतं आणि परत वाळत नाही. वॉटर-बेस्ड अॅक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात पुरतात.