रीपर ७ : गाण्यांच्या फायली वर्षभरानंतरही शाबूत सापडतात का?

नागपुरात रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ चालवणाऱ्याचे वर्ष सणावारांच्या हिशेबाने चालते. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांची घाई असते, गणपतीच्या आधी आरत्यांची, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या जनसागरासाठी पुन्हा भीम-बुद्धगीतांची. आणि मधल्या काळात तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर गाणारी मंडळे येत राहतात. यांतली बरीच गाणी एकदा करून संपत नाहीत. मागच्या वर्षीचेच गाणे घेऊन मंडळ पुन्हा येते आणि पट्टी एक सूर खाली घ्या, दुसऱ्या कडव्यातले नाव बदला, कार्यक्रमासाठी आवाज काढून नुसता वाद्यांचा ट्रॅक द्या, अशी मागणी करते. म्हणून माझ्या दृष्टीने संगीताच्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा त्याच्या आवाजात नाही. वर्षभरानंतर त्या गाण्याचे प्रोजेक्ट, म्हणजे त्याच्या सगळ्या रेकॉर्डिंगची मांडणी, उघडल्यावर एकही ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याची किंवा आवाजाची पट्टी, रिकामा दिसू नये, ही ती परीक्षा आहे. या परीक्षणात मी रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरकडे केवळ याच बाजूने पाहिले आहे.

रीपर हे कॉकोस या कंपनीचे सॉफ्टवेअर. ज्या जस्टिन फ्रँकेल यांनी एकेकाळी घराघरांतल्या संगणकांवर गाणी वाजवणारा विनअँप हा प्लेअर बनवला, त्यांचीच ही कंपनी. सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ६० दिवस ते कोणत्याही अडवणुकीशिवाय वापरून पाहता येते. त्यानंतर वैयक्तिक वापरासाठी किंवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० हजार डॉलरपर्यंत असल्यास परवान्याची किंमत ६० डॉलर आणि त्यापुढे २२५ डॉलर आहे. आज घेतलेला परवाना आठव्या आवृत्तीच्या अखेरपर्यंत चालतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या स्टुडिओंना पहिलाच दर लागू होईल आणि तो निश्चितच परवडणारा आहे.

आता मुख्य मुद्दा. नवे प्रोजेक्ट उघडून, ते सेव्ह न करताच रेकॉर्डिंग सुरू केले, तर रीपर त्या ध्वनिफायली डॉक्युमेंट्समधल्या ‘रीपर मीडिया’ या फोल्डरात टाकतो. तिथे आजच्या भजनाची पेटी, कालच्या आरतीचा ढोलक आणि परवाच्या जाहिरातीचा आवाज एकाच ढिगात पडतात. नवख्यांची सर्वांत जास्त फरफट याच ठिकाणी होते आणि रीपरची ही मूळ रचना मला चुकीची वाटते. उपाय मात्र सॉफ्टवेअरमध्येच आहे आणि तो उत्तम आहे. ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना प्रोजेक्टसाठी स्वतंत्र उपफोल्डर तयार करण्याचा आणि सर्व ध्वनिफायली त्याच फोल्डरात कॉपी करण्याचा, असे दोन पर्याय खालच्या बाजूला मिळतात. ते दोन्ही चालू ठेवले, की पेनड्राइव्हवरून आलेला गायकाचा टेक (एका दमात केलेले रेकॉर्डिंग), दुसऱ्या ड्राइव्हवरचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ठेक्याचा तुकडा) आणि आपल्याकडे रेकॉर्ड झालेली वाद्ये असे सगळे एका छताखाली येते. फायली प्रोजेक्टच्या फोल्डरात असल्या, की रीपर त्यांचा पत्ता फोल्डरापासूनच मोजतो. त्यामुळे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर नेला तरी गाणे जसेच्या तसे उघडते. फायली बाहेर राहिल्या, तर मात्र ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण पत्ता नोंदला जातो आणि ते अक्षर बदलले की ट्रॅक मुके होतात.

तसे झालेच, तर रीपरचा एक गुण कामी येतो, जो मला इतर कशाहूनही मोलाचा वाटतो. त्याची आरपीपी ही प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते. ती नोटपॅडमध्ये उघडली, की प्रत्येक ट्रॅकचे नाव, त्यावरचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याखाली मूळ ध्वनिफाइलचा पत्ता ओळीने वाचता येतो. जुन्या ड्राइव्हचा पत्ता शोधून त्या जागी नवा टाकला, की शेकडो दुवे एका फटक्यात दुरुस्त होतात. त्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी, एवढीच काळजी. शिवाय ही फाइल आकाराने लहान असते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकचे एक मिनिट सुमारे ८.६ एमबी जागा घेते. म्हणजे तीस ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे जवळपास १.३ जीबीचे होते आणि वाया गेलेले टेक धरले तर त्याहून बरेच मोठे. तेवढे रोज ऑनलाइन चढवणे छोट्या स्टुडिओला कठीण आहे. पण केवळ आरपीपी फायली रोज गूगल ड्राइव्हवर ठेवणे आणि ध्वनिफायली दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवणे सहज शक्य आहे.

वीज अचानक जाण्याची सवय असलेल्या भागांत ठरावीक मिनिटांनी प्रोजेक्ट फाइलची तारीख-वेळेसह वेगळी प्रत ठेवण्याची सोय अवश्य चालू करावी. ही प्रत दुसऱ्या ड्राइव्हवरच्या फोल्डरातही पाठवता येते, आणि ती तशी पाठवण्यातच शहाणपण आहे.

फायलींच्या नावांबाबत रीपर शिस्त शिकवतो. रेकॉर्डिंगच्या फाइलला ट्रॅकचा क्रमांक, ट्रॅकचे नाव, तारीख आणि वेळ आपोआप लागते. मात्र ट्रॅकला नाव देण्याआधीच बटण दाबले, तर त्या जागी काहीच अर्थपूर्ण येत नाही आणि नंतर ट्रॅकचे नाव बदलल्याने आधी तयार झालेल्या फाइलचे नाव बदलत नाही. म्हणून पेटी, ढोलक, खंजिरी, टाळ, मुख्य आवाज, कोरस अशी नावे आधीच दिलेला रिकामा साचा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून जतन करावा आणि प्रत्येक गाणे त्यातूनच सुरू करावे. ही नावे ट्रॅकवर देवनागरीत लिहिण्याचा मोह होतो. परंतु काही जुने प्लगइन (रीपरमध्ये जोडायची इफेक्ट किंवा वाद्यांची छोटी सॉफ्टवेअर) रोमन नसलेल्या पत्त्यांवर अडतात, त्यामुळे फोल्डर आणि फायलींसाठी रोमन अक्षरेच सुरक्षित आहेत.

प्रोजेक्टसोबत टिपणे लिहिण्याची जागा आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. गाण्याची पट्टी काळी दोन की पांढरी चार, लय किती, आवाजाला कोणता माइक लावला होता, कोणते कडवे मंडळाने नंतर गाळले, हे तिथे लिहून ठेवले आणि प्रोजेक्ट उघडताच ते टिपण समोर यावे असा पर्याय निवडला, तर वर्षभरानंतर आलेल्या मंडळासमोर जुने मिक्स ऐकत पट्टी शोधत बसावे लागत नाही. एक सूर खाली हवा असेल, तर कीबोर्डचे मिडी ट्रॅक, म्हणजे ज्यांत आवाजाऐवजी फक्त सुरांची नोंद असते, ते लगेच खाली घेता येतात. पेटी आणि आवाज मात्र नव्याने घेणेच योग्य, आणि नेमके काय नव्याने घ्यायचे हे टिपणावरून चटकन ठरते.

फायली बाहेर काढतानाही हीच काटेकोर वृत्ती दिसते. गाण्याचे भाग आखून रेंडर मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणत्या भागाच्या कोणत्या फायली काढायच्या त्या तक्त्यात, खुणा केल्या, की संपूर्ण मिक्स, आवाजाशिवायचा ट्रॅक आणि स्वतंत्र स्टेम (एकेका वाद्याच्या वा आवाजाच्या वेगळ्या फायली) एकाच वेळी बाहेर पडतात आणि त्यांची नावे प्रोजेक्ट व भागाच्या नावावरून आपोआप तयार होतात. ‘फायनल’, ‘फायनल नवे’, ‘फायनल पक्के’ अशा नावांची रांग त्यामुळे टळते. मिक्सच्या आवृत्त्यांसाठीही नव्या क्रमांकासह सेव्ह करण्याची आज्ञा आहे.

स्वतः वाजवून घेतलेल्या ढोलक-खंजिरीच्या लूपसाठी रीपरमधला मीडिया एक्सप्लोरर हा फायली शोधून ऐकण्याचा भाग पुरेसा आहे. फोल्डर त्याच्या डेटाबेसमध्ये जोडले, की नावावरून शोधता येते आणि लूप चालू गाण्याच्या लयीत ऐकता येतो.

दोष सांगायलाच हवेत. वापरात नसलेल्या फायली काढून टाकणारी सफाईची आज्ञा फक्त उघड्या असलेल्या प्रोजेक्टचा विचार करते. एकाच फोल्डरात त्याच गाण्याच्या दोन आरपीपी असतील, तर दुसरीला लागणारी फाइलही निरुपयोगी म्हणून यादीत येऊ शकते. त्यामुळे ही यादी वाचल्याशिवाय काहीही पुसू नये. बाहेरच्या सॅम्पलर प्लगइनच्या लायब्ऱ्या, म्हणजे त्यांच्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे साठे, प्रोजेक्टसोबत कॉपी होत नाहीत. सगळी जुनी गाणी, त्यांची पट्टी आणि लय एका दृष्टिक्षेपात दाखवणारी सूचीही रीपरमध्ये नाही. अलीकडच्या प्रोजेक्टची यादी तेवढी मिळते, बाकी वर्ष आणि सणानुसार फोल्डर आपणच लावायचे. मेन्यूंची गर्दी इतकी आहे, की वर सांगितलेल्या निम्म्या सोयी शोधून काढाव्या लागतात.

ज्यांचे काम क्यूबेस या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रुळले आहे, त्यांनी केवळ फायलींसाठी बदल करू नये, कारण तिथली प्रोजेक्टचा बॅकअप घेण्याची आज्ञा हेच काम नीट करते. एबलटन लाइव्ह या तशाच सॉफ्टवेअरमध्येही सगळ्या फायली गोळा करून सेव्ह करण्याची सोय आहे. नव्याने स्टुडिओ उभा करणाऱ्याने मात्र निःशंकपणे रीपर घ्यावा, पहिल्या गाण्याआधीच सेव्हचे पर्याय, टेम्प्लेट आणि दुसऱ्या ड्राइव्हवरची प्रत लावून घ्यावी, आणि काम संपल्यावर गाणे कपाटात ठेवण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅकची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची, इफेक्ट न लावलेली वेव्ह फाइलही त्याच फोल्डरात काढून ठेवावी, म्हणजे पुढे एखादा प्लगइन बंद पडला तरी गाणे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल.