माल लावण्याच्या नोकरीचा रेझ्युमे: तारीखवार लिहावा की कामवार?

दसरा जवळ आला की इंदूरच्या मोठ्या दुकानांत माणसं घ्यायला सुरुवात होते. दिवाळीचा माल येऊन पडलेला असतो, ट्रक रिकामे करायचे असतात, एकच रॅक दिवसातून तीनदा भरावा लागतो. त्या दिवसांत आमच्या सुदामा नगरातली दोन-चार मुलं-मुली तरी हातात कागद घेऊन येतात. ‘काकू, एकदा बघून द्या ना.’ मी एका सुपरमार्केटच्या बॅकस्टोअरमध्ये बारा वर्षं होते, त्यातली शेवटची पाच वर्षं माणसं निवडायच्या कामावर. त्यामुळे कोणता कागद वाचला जातो आणि कोणता बाजूला पडतो, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. खरं तर तिथे टेबल नसतंच. मॅनेजर माल उतरवायच्या गेटपाशी उभा असतो, मागे खोकी, हातात मालाची पावती, आणि तुमचा कागद तो तसाच उभ्याउभ्या, जेमतेम अर्धा मिनिट वाचतो.

आधी झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार बायोडेटाबद्दल बोलून तो विषय संपवू. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, आणि खाली ‘वरील माहिती सत्य आहे’. ह्यात कामाबद्दल एक अक्षर नसतं. काही जण त्यावर आधार क्रमांकही लिहितात, तो कृपा करून लिहू नका. कागद गार्डच्या टेबलावर दिवसभर उघडा पडलेला असतो. आधार, पॅन, बँकेचा खाते क्रमांक हे सगळं निवड झाल्यावर पीएफ आणि ईएसआयसाठी (कर्मचाऱ्यांचा विमा) मागतात, तेव्हा द्यायचं. त्यामुळे निवड उरते ती दोनच कागदांत: नोकऱ्या तारखांप्रमाणे मांडणारा तारीखवार, आणि येणारी कामं वर मांडणारा कामवार.

तारीखवार रेझ्युमेत शेवटची नोकरी सगळ्यात वर: कुठे, कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत, काय काम. मॅनेजरला हा आवडतो, कारण ‘शेवटी कुठे होतास?’ ह्या त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. एका ठिकाणी सहा महिने किंवा जास्त टिकला असाल, तर डोळे मिटून हाच घ्या. ती नोकरी मेडिकल स्टोअरची, कुरिअरची किंवा पेट्रोल पंपाची असली तरी चालेल. वेळेवर येणारा माणूस आहे एवढं त्यातून कळतं. फक्त तारखा खऱ्या हव्यात. आधी पीएफ कापला गेला असेल, तर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत असते. कागदावर वाढवलेले चार महिने तिथे उघडे पडतात, आणि मग चांगला माणूसही हातचा जातो.

ह्या कागदाची अडचण अशी, की तो मोकळी वर्षं मोठ्या अक्षरांत दाखवतो. दोन-दोन महिन्यांच्या चार नोकऱ्या एकाखाली एक आल्या की माणूस अस्थिर वाटतो. आणि ज्याला कुणी पद दिलं नाही, पगाराची चिठ्ठी दिली नाही, त्याच्याकडे तर लिहायलाच काही उरत नाही.

ह्याबद्दल मला एक गोष्ट अजून टोचते. एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. कागद तारीखवार, मध्ये सात वर्षं कोरी. मी तो खाली ठेवला. पुढे कळलं, त्या सात वर्षांत त्यांनी घरातून वीस-बावीस डब्यांची खानावळ चालवली होती, महिन्याचा किराणा भरणं, साठा मोजणं, तारखा बघणं सगळं एकटीने. पुढे दुसऱ्या एका दुकानात गेले, तेव्हा डाळी-पिठांच्या ओळीत त्या दिसल्या. प्रत्येक पाकिटाचं तोंड समोर, एकही फाटकं नाही. त्यांनी कामवार कागद आणला असता, तर मी त्यांना सोडलं नसतं.

कामवार रेझ्युमेत वर पाच-सहा ओळींत मला काय येतं, आणि त्याखाली ते कुठे शिकलो. पहिली नोकरी, मोठा खंड, घरचं दुकान, ओळखीत केलेलं काम, ह्या सगळ्यांसाठी माझ्या मते हाच बरा. पण ह्याचाही तोटा आहे. ‘मेहनती, प्रामाणिक, टीमसोबत काम करण्याची तयारी’ असं लिहिलं की तो बायोडेटाचाच भाऊ होतो. मॅनेजर अशा ओळी वाचत नाही. प्रत्येक ओळीत एक जागा आणि एक आकडा असेल, तरच ती ओळ उभी राहते.

रामबागेतला एक मुलगा आला होता. कागदावर ‘अनुभव: नाही’. संध्याकाळी काय करतोस विचारलं, तर म्हणाला, ‘काही नाही काकू, सियागंजला मामाच्या दुकानात नुसता माल लावतो.’ ज्या नोकरीसाठी अर्ज करत होता, नेमकं तेच काम! मग त्याला बसवलं आणि एकेक विचारून लिहून काढलं:

‘सियागंजमधील घाऊक किराणा दुकान, २ वर्षे (संध्याकाळी व सुट्टीत). बिल्टीशी (मालवाहतुकीच्या पावतीशी) पडताळून रोज ६०-७० खोकी उतरवणे. जड डबे खाली, हलका माल वर. तारीख बघून जुना माल पुढे, नवा मागे. फुटका माल वेगळा काढून वहीत नोंद.’

ह्यातली ‘तारीख बघून’ ही ओळ सगळ्यात मोलाची. मोठ्या दुकानात ह्याला फिफो म्हणतात, म्हणजे आधी आलेला माल आधी विकायचा. खाण्याच्या वस्तूंना त्याहून नेमका नियम लागतो, फेफो: ज्याची एक्सपायरी आधी, तो पुढे. दोन्हींत फरक आहे, कारण नंतर आलेल्या ट्रकमध्ये कधीकधी लवकर संपणाऱ्या तारखेचा माल असतो. हा फरक ज्याला सांगता येतो, त्याला मी दुसरा प्रश्न विचारत नसे. तेव्हा दुकानाचा शब्द आणि तुमचा शब्द, दोन्ही लिहा.

जे येत नाही ते मात्र लिहू नका. हँड पॅलेट ट्रक ओढता येणं वेगळं आणि फोर्कलिफ्ट चालवणं वेगळं. फोर्कलिफ्टला, म्हणजे माल उचलणाऱ्या यंत्राला, प्रशिक्षण लागतं आणि चूक झाली तर माणूस जखमी होतो. वीस किलोचं खोकं दिवसभर उचलता येत असेल तर तसं लिहा, कंबरेचा त्रास असेल तर वजनाचा उल्लेखच टाळा आणि मुलाखतीत स्पष्ट सांगा.

कुठे जाणार ह्यावरही थोडं बदलतं. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक सारखं विचारतं, ‘साबूदाणा कुठे आहे?’, म्हणून बोलण्याची सवय असल्याची एक ओळ हवी. काही मिनिटांत घरी सामान पोचवणाऱ्यांच्या गोदामात बोलणं कमी, वेग आणि अचूकपणा जास्त. तिथे बहुतेक वेळा मोबाइलवरच फॉर्म भरायचा असतो, तेव्हा स्कॅनर वापरला आहे का, रात्रपाळी चालेल का, घर किती लांब, एवढं नेमकं भरा. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात साइज लावणं, घड्या, टॅग.

भाषेचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. इंदूरमध्ये मुलाखत हिंदीतच होते. इंग्रजी कागद स्वतः लिहिला असेल आणि त्यातली प्रत्येक ओळ हिंदीत समजावून सांगता येत असेल, तर इंग्रजी न्या. कुणाकडून तरी लिहून घेतला असेल, तर साधी हिंदी कधीही बरी. मराठी येते हे भाषांच्या ओळीत अवश्य लिहा. राजवाड्याच्या आसपास आणि आपल्या वस्त्यांतल्या दुकानांत आजी-आजोबा मराठीत विचारतात, आणि मॅनेजरला ते माहीत असतं.

दोन्ही थोडंथोडं लागू पडत असेल, म्हणजे आठ महिन्यांची एक नोकरी आणि शिवाय घरच्या दुकानाचं काम, तर वर चार ओळी कामाच्या आणि खाली तारखा. एकच पान. फोटो लावला नाही तरी चालतो. मोबाइल नंबर दोनदा तपासा, आणि पुढचे पंधरा दिवस अनोळखी नंबर उचला. त्या रामबागेतल्या मुलाला फोन आला तो चौथ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या वेळी, लँडलाइनवरून.