वरून चढवायचं की फॉरमॅट मारायचा? विंडोज ११ वर जाताना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतल्यांचा एकच प्रश्न फिरून फिरून येतो. ११ वर जायचं ते आहे त्यावरूनच चढवून, की सगळं पुसून, फॉरमॅट मारून? तुमचं मशीन ११ घेतं, टीपीएमची, म्हणजे ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या चिपची, भानगड मिटली आहे आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेर ठेवली आहे, एवढं धरून चालतो. मी दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलो आहे, तेही एकाच लॅपटॉपवर, आधी एक आणि मग दुसरा.

माझं काम मराठी-हिंदी मजकुराचं. मंडळाच्या स्मरणिका, लग्नाच्या पत्रिका, कुणाचं आत्मवृत्त, मधूनच एखाद्या वकीलसाहेबांचा हिंदी अर्ज. पुढच्या मजकुरावर त्या कामाची छाप असणारच. तुमचा लॅपटॉप बँक, रेल्वेचं तिकीट आणि पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल एवढ्यापुरताच असेल, तर माझं म्हणणं अर्धंच मनावर घ्या.

लोक ज्यावरून हमरीतुमरीवर येतात त्या गोष्टी आधी बाजूला काढतो. स्टार्टचं बटण मध्ये येणं, राइट क्लिकमधले निम्मे पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे जाणं, टास्कबार खालच्या खालीच राहणं. हे तुम्ही कसेही गेलात तरी सारखंच आहे. बटण सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतं, जुना मेनू शिफ्ट-एफ१० ने उघडतो, बाकीचं हाताच्या वळणी पडतं. यावरून निर्णय घेऊ नका.

वरून चढवण्याच्या बाजूने बोलायचं तर खूप आहे. संध्याकाळी सुरू केलं की रात्रीचं जेवण आटोपेपर्यंत बहुधा तुम्ही पुन्हा आपल्या जागी असता. वॉलपेपर तोच, वायफायचा पासवर्ड तोच, वर्डमधली शेवटची फाइल तिथेच. जुना लेझर प्रिंटर, ज्याचा ड्रायव्हर आता शोधूनही पटकन सापडत नाही, तोसुद्धा बहुतेक वेळा मुकाट्याने चालू राहतो. आणि परतीचा रस्ता असतो. जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं, त्यामुळे दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन १० वर परत जाता येतं. त्यानंतर तो फोल्डर आपोआप साफ होतो. म्हणून पहिल्या दहा दिवसांत नेहमीची सगळी कामं एकेकदा करून पाहावीत. प्रिंट, स्कॅन, डिजिटल सही, जे काही असेल ते.

इथे इंदूरला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधल्या संगणकवाल्याला विचारलंत तर बहुतेक असंच ऐकू येईल, ‘सर, ऊपर से ही चढ़ा देते हैं, कुछ नहीं जाएगा।’ बरोबरच आहे त्याचं. काहीच जात नाही. नको असलेलंसुद्धा.

माझ्या लॅपटॉपवर एक जुनं मराठी टायपिंगचं पॅकेज होतं. नाव घेत नाही, कारण बरीच वर्षं त्याने इमानाने पोट भरलं आहे. ते डोंगलवर, म्हणजे मशीनला खोचायच्या लायसन्सच्या काडीवर, चालायचं, मशीन सुरू झालं की घड्याळाशेजारी येऊन बसायचं आणि कळफलक आपल्या ताब्यात घ्यायचं. कुठल्याही मशीनवर सारख्याच दिसणाऱ्या युनिकोड अक्षरांवर आल्यावर मी ते वापरणं सोडलं होतं, पण काढून टाकलं नव्हतं, कारण जुन्या फायली त्याच्याच फॉन्टमध्ये होत्या. वरून ११ चढवलं आणि त्याचं चिन्ह घड्याळाशेजारून गायब झालं. मी म्हटलं, बरं झालं. पण भाडेकरू गेला आणि एका खोलीची किल्ली त्याच्याच खिशात राहिली, असा प्रकार झाला होता.

मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या देवनागरी कळफलकावर, टाइप करतो. त्यात ळ येतो शिफ्ट-एनवर, ण शिफ्ट-सीवर, श शिफ्ट-एमवर, आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ शिफ्ट-जेवर. म्हणजे शिफ्टशिवाय मराठीचं एक वाक्य धड पुरं होत नाही. आता शिफ्ट दाबली की मधूनच ते जुनं पॅकेज आतून जागं व्हायचं आणि अक्षर गिळायचं. ‘टिळक’ लिहायला जावं तर ‘टि’, मग एक रोमन एन, मग ‘क’. दर वेळी झालं असतं तर परवडलं असतं. पानभर मजकूर सरळ जायचा आणि मग एखाद्या आडनावात एन उमटायचा. त्यात हाती काम होतं स्मरणिकेच्या वर्गणीदारांच्या यादीचं. काळे, मुळे, पळशीकर, गोळे. इंदूरच्या मराठी मंडळाची वर्गणीदार यादी म्हणजे ळ चं प्रदर्शनच. हिंदी अर्ज त्या मानाने सुखाने जायचे, तिथे निदान ळ तरी नाही.

काढून टाकायला गेलो तर पॅकेज काढणारा प्रोग्रॅम आधी डोंगल मागायचा. डोंगल लावला तर त्याचा ड्रायव्हर ११ ला पटेना. स्टार्टअपच्या यादीत बंद केलं तरी दुसऱ्या कुठल्या वाटेने ते पुन्हा हजर. कळफलकांचीही गर्दी जमली होती. इंग्लिश यूएस, इंग्लिश इंडिया, हिंदी, मराठी, मराठी फोनेटिक. विंडोज-स्पेस दाबत राहायचं आणि हवा तो निघून गेला की पुन्हा फेरी. ती गर्दी मात्र ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये जाऊन पाच मिनिटांत छाटता येते, तेवढ्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. पण छपाईला गेलेल्या मजकुरात कुणाच्या आडनावात एन राहिला तर वर्षभर तोंड लपवावं लागतं. प्रत्येक ळ पुन्हा डोळ्यांखालून घालणं मला जमेना. मी फॉरमॅट मारला.

तुमच्या मशीनवर असं काही नसेल तर हा त्रास तुम्हाला होणारही नाही, हे मान्य करायला हवं. पण जिथे मराठी-हिंदीचं काम बरीच वर्षं चाललं आहे तिथे असलं एखादं तरी जुनं पॅकेज तळाशी असतंच, असा माझा अंदाज.

कोऱ्या ११ वर मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट घ्या नाहीतर रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक, जे हाताला सरावाचं आहे ते. मराठी फोनेटिक विंडोजमध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून आहे, त्यासाठी आता बाहेरचं काही बसवावं लागत नाही. इंग्रजीसाठी इंग्लिश इंडिया ठेवा, म्हणजे कंट्रोल-आल्ट-४ ने रुपयाचं चिन्ह येतं. ळ दाबला की ळ येतो. एवढ्या साध्या गोष्टीचं अप्रूप वाटेल असं आधी वाटलं नव्हतं.

फॉरमॅटचे भोग वेगळे. पहिला फॉन्टचा. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट आता विंडोजच्या मूळ संचात नसतात, ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या जोडसंचात असतात. मराठी भाषा जोडली की नेटवरून सहसा आपोआप येतात, न आल्यास ऑप्शनल फीचर्समधून घ्यावे लागतात. ते यायच्या आधी जुनी फाइल उघडलीत तर वर्ड दुसराच फॉन्ट लावतो, ओळी सरकतात आणि अडतीस पानांची स्मरणिका एकेचाळीस पानांची दिसायला लागते. घाबरून पानं नीट करत बसू नका, आधी फॉन्ट येऊ द्या. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टचं तर आणखी वाईट, तो नसेल तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. पॅकेज परत बसवायची गरज नाही, जुन्या फायली वाचायला त्याचे फॉन्ट पुरतात.

दुसरी वस्तू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वर्डला तुम्ही ‘हा शब्द बरोबर आहे’ असं सांगत आलात, त्या शब्दांची यादी ‘कस्टम डॉट डिक’ नावाच्या फाइलमध्ये असते. ती युजरच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, युप्रूफ अशा लपलेल्या वाटेवर सापडते. माय डॉक्युमेंट्सची प्रत घेतली म्हणजे ही आली असं होत नाही. मी ती वेगळी घेतली, म्हणून इंदूरच्या गल्ल्या आणि आडनावं नव्याने शिकवावी लागली नाहीत.

हिशेबाचं टॅली वापरत असाल तर फॉरमॅटच्या आधी लायसन्स सरेंडर करा आणि नंतर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. सियागंजात दुकान असलेल्या शेजाऱ्यांना मी सरळ वरूनच चढवायला सांगितलं. त्यांचं जग टॅली आणि प्रिंटर, दोन्ही नीट चालत होते, तिथे कोरं करून मिळणार काय?

आमच्या भाच्याचं प्रकरण तिसरंच. तो संगणक आणि टायपिंगच्या सीपीसीटी परीक्षेची तयारी करतोय. मध्य प्रदेशातल्या त्या परीक्षेत हिंदी टायपिंग रेमिंग्टन गेल किंवा इन्स्क्रिप्ट कळफलकावर देता येतं आणि त्याचा हात रेमिंग्टन गेलवर बसला आहे. हा रेमिंग्टन गेल विंडोजबरोबर येत नाही, वेगळा बसवावा लागतो. त्याला म्हटलं, बाळा, परीक्षा होईपर्यंत कशालाच हात लावू नकोस, आणि लावायचाच तर वरून चढव.

मधला एक रस्ता आहे. आधी वरून चढवायचं आणि मग सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘कीप माय फाइल्स’. फायली राहतात, बसवलेले प्रोग्रॅम जातात. पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकायची खटपट नको असणाऱ्यांना हा बरा, आणि माझ्यासारखा त्रास असेल तर त्याने तो बहुधा सुटेलही. मी पेनड्राइव्हनेच केलं, कारण फॉन्ट, कस्टम डॉट डिक आणि फायली बाहेर काढल्यावर आत ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

फॉरमॅट करायचं ठरवलंत आणि ते दुकानातून करून घेणार असाल, तर दोन गोष्टी तोंडी सांगून चालत नाहीत, कागदावर लिहून द्या. पहिली म्हणजे आधी विंडोजची होम आवृत्ती होती की प्रो, हे. लायसन्स त्या मशीनशी डिजिटल स्वरूपात जोडलेलं असतं, तीच आवृत्ती परत टाकली तर प्रॉडक्ट की विचारली तरी ती पायरी सोडून देता येते आणि नेट लागलं की विंडोज आपसूक अ‍ॅक्टिव्हेट होतं. ‘सर, प्रो डाल दिया, बढ़िया है’ असं झालं की होमचं लायसन्स तिथे लागत नाही आणि कोपऱ्यात अ‍ॅक्टिव्हेट करा ही पाटी येऊन बसते. दुसरं म्हणजे खातं तुमच्याच ईमेलने उघडायचं, दुकानदाराच्या नाही. ११ च्या २४एच२ या अपडेटपासून कोऱ्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की त्याच खात्यात जाते. मशीन घरी आणलं की त्या खात्यात जाऊन ती की पाहा आणि डायरीत उतरवून ठेवा.